ग्रीन माउंटनचं लुकआउट: कोर्टात हरलं, संसदेत वाचलं

एप्रिल २०१४ मध्ये ओबामांनी एका लाकडी खोलीसाठी स्वतंत्र कायद्यावर सही केली. खोली केवढी, तर साधारण चौदा बाय चौदा फूट, डोंबिवलीतल्या वन बीएचकेच्या हॉलएवढी म्हणा. पण ती आहे वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत, ग्रीन माउंटन नावाच्या साडेसहा हजार फुटी डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजारेक फूट वर. जंगलात कुठे धूर दिसतोय का हे बघायला १९३३ मध्ये बांधलेलं हे लुकआउट. ते तिथे ठेवायचं की काढायचं यावर कोर्टात केस झाली आणि केस लुकआउटच्या विरोधात गेली, तरी ते आज तिथेच उभं आहे. हे कसं काय झालं ते नीट लिहून काढावं असं कधीचं डोक्यात होतं, कारण ट्रेकला आलेल्या मित्रांना दर वेळी अर्धवट सांगतो आणि शेवटी वाद होतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फायर टॉवर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वनखात्याचा उंच लोखंडी मनोरा येतो, गंजलेल्या शिडीचा. इथे तसलं काही नाही. डोंगरच इतका उंच की टॉवर वेगळा कशाला बांधा, माथ्यावर चारी बाजूंनी खिडक्या असलेली खोली ठेवली की झालं. त्या काळी फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याकडे, या खोल्यांचं ठरीव मॉडेल होतं, कापून तयार केलेले लाकडी भाग किटसारखे यायचे, खेचरांच्या पाठीवरून वर जायचे आणि वर नेऊन ठोकायचे. ही खेचरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अशी लुकआउट्स हजारोंनी का बांधली याच्या मुळाशी १९१० चा वणवा आहे. त्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात (थोडं वॉशिंग्टनमध्येही) जेमतेम दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळलं, ऐंशीच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली. फॉरेस्ट सर्व्हिस तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, आणि या वणव्याने त्यांच्या मनात एकच गोष्ट ठसली, की आग लहान असतानाच दिसली पाहिजे आणि तिथेच मारली पाहिजे. पुढे १९३३ मध्ये मंदीच्या काळात रूझवेल्टनी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर काढली. आपल्या रोजगार हमीसारखीच कल्पना, फक्त पोरं तरुण आणि राहायचं कॅम्पात. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ घरी पाठवायचे. ग्रीन माउंटनवरची खोली या पोरांनी बांधली. नंतर दुसऱ्या महायुद्धात ती शत्रूची विमानं टिपायलाही वापरली गेली, पॅसिफिक किनारा जवळ म्हणून.

आतलं काम कसं चालायचं ते सांगण्यासारखं आहे. खोलीच्या मधोमध ऑस्बर्न फायर फाइंडर नावाचं यंत्र असायचं, यंत्र म्हणजे काय तर एक गोल टेबल, त्यावर त्या भागाचा नकाशा पक्का बसवलेला, कडेने ३६० अंशांची पट्टी आणि फिरणारी कडी. कडीच्या एका बाजूला डोळा लावायची बारीक फट, समोरच्या बाजूला उभा ताणलेला केस. धूर दिसला की कडी फिरवायची, फटीतून बघून तो केस धुराच्या बुडाशी आणायचा आणि पट्टीवरचा अंश फोनवरून खाली कळवायचा. एका लुकआउटवरून फक्त दिशा कळते, अंतर नाही. पण दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाने त्याच धुराचा आपला अंश सांगितला की खाली ऑफिसात दोन दोरे ताणायचे, जिथे छेदतील तिथे आग. आठवी-नववीची भूमिती, बाकी काही नाही. विजा चमकायला लागल्या की लुकआउटवाला एका बुटक्या स्टुलावर उभा राहायचा, ज्याच्या चारही पायांना काचेचे इन्सुलेटर लावलेले असायचे, आणि छपरावरून तांब्याच्या तारा जमिनीत गेलेल्या. म्हणजे बाहेर वीज कुठे पडतेय ते बघत, आपल्यावर पडली तरी वाचू अशा आशेवर तो तिथे उभा. सगळ्या उन्हाळ्यात एकटा.

नंतर विमानं आली, आता कॅमेरे आणि उपग्रह, लुकआउट्सची गरज संपत गेली. आणि एक गंमत अशी की प्रत्येक आग ताबडतोब विझवायची हे धोरणच पुढे चुकीचं वाटायला लागलं, कारण अधूनमधून लहान आगी होऊ दिल्या नाहीत तर जंगलात सुकं लाकूड साठत जातं आणि मग लागते ती आवरत नाही. म्हणजे ज्या समजुतीवर या खोल्या बांधल्या ती समजूतही जुनी झाली. तरी लोकांचा जीव त्यांच्यात अडकतोच, माझाही अडकलाय. ग्रीन माउंटनचं लुकआउट १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या रजिस्टरमध्ये गेलं.

आता मूळ भानगड. १९६४ मध्ये अमेरिकेने विल्डरनेस अ‍ॅक्ट केला. याला मराठीत नेमका शब्द नाही, अभयारण्य म्हणावं तर ते कमी पडतं. आपल्याकडच्या अभयारण्यात रस्ता असतो, जिप्सी फिरते, गेस्ट हाउस असतं. विल्डरनेस म्हणजे त्याच्याही पुढची पायरी: रस्ता नाही, गाडी नाही, मोटर लावलेलं कुठलंच हत्यार नाही, विमान उतरवायचं नाही आणि बांधकाम करायचं नाही. सायकलसुद्धा चालत नाही. कायद्याचा मसुदा हॉवर्ड झाह्नायझर नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं घासून लिहिला आणि सही व्हायच्या चार महिने आधी तो गेला. त्याने या जमिनीसाठी एक अडचणीचा जुना शब्द निवडला होता, ज्याचा अर्थ साधारण असा की जिला माणसाने दावं बांधलेलं नाही. माणूस तिथे पाहुणा, मुक्कामाला राहणारा नव्हे. आणि हा शिक्का राष्ट्रीय उद्यान, वन्यजीव अभयारण्य, सरकारी जंगल अशा कुठल्याही जमिनीवर वरून मारता येतो. ग्लेशियर पीक विल्डरनेस १९६४ पासूनच आहे, पण ग्रीन माउंटनचा भाग त्यात आला १९८४ मध्ये. म्हणजे खोली आधी पन्नास वर्षं तिथे होती, शिक्का नंतर पडला. भाडेकरू आधीचा आणि सोसायटीचे नियम नंतरचे, अशातला प्रकार.

कायद्यात एक पळवाट आहे, म्हणजे पळवाट म्हणणं बरोबर नाही, अपवाद आहे. या जागेचा कारभार कायद्याच्या हेतूने चालवायला जे कमीत कमी लागेल तेवढ्यापुरतं बांधकाम किंवा यंत्र चालतं. आणि त्या हेतूंच्या यादीत करमणूक, निसर्गसौंदर्य, विज्ञान, शिक्षण, संवर्धन यांच्या बरोबरीने ‘ऐतिहासिक उपयोग’ हाही शब्द आहे. सगळी केस या दोन टोकांमध्ये ओढाताण होऊन झाली, एकीकडे कमीत कमी आणि दुसरीकडे ऐतिहासिक.

झालं काय की नव्वदच्या दशकात बर्फाने खोलीची हालत खराब झाली आणि लोकांसाठी ती बंद केली. दुरुस्तीचे प्रयत्न झाले पण पायाच धड राहिना, तेव्हा २००२ च्या सुमारास फॉरेस्ट सर्व्हिसने सगळी खोली सुटी केली आणि हेलिकॉप्टरने खाली आणली. खाली तिचं काम झालं. २००९ मध्ये नव्या पायावर पुन्हा उभी केली, सामान परत हेलिकॉप्टरने वर. मधल्या काळात पुरात स्युआटल नदीकाठचा रस्ताच वाहून गेला होता, त्यामुळे पायथ्याला पोचणं हेच एक दिव्य झालेलं, तो रस्ता पूर्ण उघडला २०१४ मध्ये. म्हणजे काही वर्षं अशी होती की नवी कोरी दुरुस्त खोली वर, आणि तिच्याकडे जायचं तर मैलोन्‌मैल जास्तीचं चालायचं.

२०१० मध्ये विल्डरनेस वॉच या मोंटानातल्या संस्थेने फॉरेस्ट सर्व्हिसवर केस टाकली. म्हणणं सरळ होतं: विल्डरनेसमध्ये तुम्ही हेलिकॉप्टर वापरलंत, पाया नवा घातलात, जुनी खोली काढून जवळपास नवी बांधलीत, आणि हे सगळं पर्यावरण परिणामांची रीतसर तपासणी न करता, लोकांना न विचारता.

हे सगळं मी पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांना सांगितलं तेव्हाची गोष्ट. ते वनखात्यातून रिटायर झालेत, काही वर्षं मेळघाटात काढलीत, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सिएटलजवळ बॉथेलला तीन महिने राहायला होते. मी आपला मोठ्या आवेशात हेरिटेज कसं वाचवलं पाहिजे ते सांगत होतो, वारसा, इतिहास वगैरे. ते चहा ढवळत ऐकत होते, मग म्हणाले, “जावईबापू, तेहतीस साली सामान वर कसं गेलं?” म्हटलं खेचरांवरून. “मग आता खेचरं मेली का सगळी?”

मी गप्प. कारण कोर्टातही मुद्दा जवळपास हाच होता.

मार्च २०१२ मध्ये सिएटलच्या फेडरल कोर्टात जज जॉन कफनावर यांनी निकाल दिला, फॉरेस्ट सर्व्हिसच्या विरोधात. लोकांना वाटतं की जजने म्हटलं विल्डरनेसमध्ये इतिहासाला जागा नाही. तसं नाहीये ते. ऐतिहासिक जतन हा या कायद्यातला एक हेतू असू शकतो हे मान्य करूनही खातं हरलं, कारण नुसतं ‘ही वास्तू ऐतिहासिक आहे’ म्हणणं पुरेसं नाही. ती याच जागी पुन्हा बांधणं गरजेचं का होतं, कमी उपद्रवाने भागलं नसतं का, खोली विल्डरनेसच्या बाहेर नेऊन जतन करता आली नसती का, हेलिकॉप्टर हाच एक मार्ग होता का, हे प्रश्न खात्याने स्वतःला आधी विचारायचे होते आणि उत्तरं कागदावर ठेवायची होती. ती नव्हती. आधी काम उरकलं आणि मग कारणं शोधली असं त्या रेकॉर्डवरून दिसत होतं. पर्यावरण तपासणीच्या कायद्याचाही भंग झालाय असं कोर्टाने म्हटलं. निकालानंतर लुकआउट तिथून काढायचीच वेळ आली.

इथे माझं मत सांगतो, पटो न पटो: निकाल बरोबर होता. मला ती खोली आवडते तरी. कारण फॉरेस्ट सर्व्हिसला हे सगळं माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. २००५ मध्ये याच राज्यात, याच फेडरल जिल्ह्यात, ऑलिंपिक नॅशनल पार्कची केस झाली होती. तिथे विल्डरनेसमधले दोन जुने निवारे बर्फाच्या ओझ्याने कोसळले, पार्कने त्यांच्या नव्या प्रती तयार करून हेलिकॉप्टरने नेऊन ठेवायचं ठरवलं आणि कोर्टाने ते थांबवलं. नकाशा बघा, ऑलिंपिक आणि ग्रीन माउंटन यांच्या मधे फक्त प्यूजेट साउंडचं पाणी. चार वर्षांत हे विसरलं कसं?

आणि मुद्द्याने याहून जवळची केस अ‍ॅरिझोनातली, कोफा वन्यजीव अभयारण्याची. वाळवंटातल्या या अभयारण्यात बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या साधारण ८०० होत्या, २००० ते २००६ या काळात त्या ३९० वर आल्या. काळजीचीच गोष्ट. तेव्हा वन्यजीव खात्याने तिथल्या विल्डरनेसमध्ये पाण्याच्या दोन टाक्या बसवल्या. पुन्हा विल्डरनेस वॉच कोर्टात, आणि डिसेंबर २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने (अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन दोन्ही याच कोर्टाखाली येतात) सांगितलं की मेंढ्या वाचवणं हा हेतू अगदी योग्य, पण त्यासाठी टाक्याच बसवणं गरजेचं होतं हे तुम्ही दाखवलेलं नाही. शिकार काही काळ थांबवणं, पायवाटा काही काळ बंद करणं अशा गोष्टींचा विचार का नाही केला? आता बघा, जिवंत जनावरांना पाणी पाजायला ‘गरज दाखवा’ म्हणणारा कायदा लाकडी खोलीला सूट देईल असं वाटणंच भोळेपणा होता. ग्रीन माउंटनचा निकाल कोफाच्याच वाटेने गेलाय.

याची दुसरी बाजू पण आहे आणि ती डॅरिंग्टनच्या लोकांची आहे. डॅरिंग्टन म्हणजे डोंगराजवळचं लहानसं गाव, लाकूडतोडीवर जगलेलं. नव्वदच्या दशकात सरकारी जंगलातली तोड एकदम कमी झाली आणि अशा गावांचा कणाच मोडला. त्यांच्या दृष्टीने ती खोली म्हणजे आपल्या आज्यापणज्यांनी केलेलं काम. आणि मोंटानातली संस्था येऊन सांगणार की काढा? मला आपल्याकडचे किल्ले आठवतात. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, नरनाळा तर नरनाळा अभयारण्यातच आहे, उद्या कोणी म्हणालं की अभयारण्याच्या नियमात किल्ल्याची डागडुजी बसत नाही तर काय होईल सांगायला नको. पण मग हेही खरं की वासोट्याला आपण बामणोलीहून परवानगी काढून, लाँचने पाणी ओलांडून, पायी चढून जातो. तिथे कोणी डागडुजीला क्रेन नेली तर आपणच पहिले ओरडू.

अजून एक जो प्रश्न मला सुटलेला नाही: सगळी खोली सुटी केली, खराब लाकडं बदलली, पाया नवा, मग तिला १९३३ ची म्हणायचं का? आमच्या गावच्या वाड्याचं असंच झालं, वासे बदलले, पत्रे आले, माती जाऊन सिमेंट आलं, शेवटी जुनं राहिलं ते एक दार आणि देवघराचा कोनाडा. तरी आम्ही त्याला पणजोबांचा वाडाच म्हणतो.

असो. निकालानंतर वॉशिंग्टनच्या खासदारांनी लुकआउट वाचवायला बिल आणलं, पॅटी मरे आणि मारिया कँटवेल सिनेटमध्ये, रिक लार्सन आणि सुझन डेलबेनी हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात. पहिल्या खेपेला ते पुढे सरकलं नाही. एका खोलीचं बिल, कोण धावतंय. मग २२ मार्च २०१४ उजाडला. डॅरिंग्टनला जायच्या रस्त्यावर, ओसो गावाजवळ, सकाळी अख्खी टेकडी खाली आली. ४३ माणसं गेली. हायवे ५३० चिखलाखाली गेला आणि डॅरिंग्टनचा जवळचा रस्ताच तुटला. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैमध्ये माळीण झालं, त्यामुळे ही दोन नावं माझ्या डोक्यात कायमची शेजारी बसलीत.

दरडीचा आणि लुकआउटचा तसा काही संबंध नाही. पण त्या गावासाठी काहीतरी करा अशी हवा तयार झाली, आणि हाताशी तयार होतं ते हे बिल. एप्रिलच्या सुरुवातीला सिनेट, पाठोपाठ हाउस, आणि १७ एप्रिलला सही. निकालानंतरची दोन वर्षं अडकलेलं काम चार आठवड्यांच्या आत. खासदारांनी उघडच सांगितलं की या लोकांना एक चांगली बातमी मिळावी. मला यात ढोंग दिसत नाही, पण एक गोष्ट खटकते, की शेवटी निर्णय झाला तो मूळ प्रश्नावर झालाच नाही. विल्डरनेसमधल्या जुन्या वास्तूंचं काय करायचं हे कोणी ठरवलं नाही, फक्त या एका खोलीचं ठरवलं.

कायदा अगदी छोटा आहे. १९८४ च्या कायद्यात भर घालून त्यात म्हटलंय की ग्रीन माउंटन लुकआउटची देखभाल करता येईल, आणि लुकआउट जपायला किंवा तिथे येणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी गरजेचं असल्याशिवाय ते सध्याच्या जागेवरून हलवता येणार नाही. बाकीच्या लुकआउट्सना, निवाऱ्यांना, झोपड्यांना याचा काडीचा उपयोग नाही, त्यांना जुनाच नियम लागू. मला विचाराल तर २००२ मध्येच फॉरेस्ट सर्व्हिसने कागद नीट केले असते, लोकांना विचारलं असतं आणि थोडं थोडं सामान खेचरांवर चढवलं असतं तर कदाचित केस झालीच नसती. वेळ लागला असता, चार-पाच उन्हाळे गेले असते. तसेही सात वर्षं गेलीच.

गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो होतो, बायको आणि मी. जायला-यायला मिळून आठेक मैल आणि तीन हजार फुटांवर चढ. आधी झाडी, मग झाडं मागे पडतात आणि अख्खा उतार गवताने हिरवा, डोंगराचं नाव तिथूनच. मार्मट (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) शिट्ट्या मारत होते, इतक्या माणसासारख्या की बायकोने दोनदा मागे वळून बघितलं. वर खोलीच्या सावलीला बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, समोर ग्लेशियर पीक, दहा हजार पाचशे एकेचाळीस फूट, पांढराशुभ्र. सासऱ्यांना फोटो पाठवला (खाली उतरून गाडीत आल्यावर, वर रेंज कसली). त्यांचा लगेच उलट प्रश्न, वर पाणी आहे का, लुकआउटवाला पाणी कुठून आणायचा? हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. मेळघाटात त्यांचे अंगारी, म्हणजे वणव्यावर नजर ठेवायला हंगामापुरते घेतलेले गावातले लोक, पाण्याची कॅन घेऊन चढायचे, त्यामुळे त्यांना आधी तेच आठवलं. चढताना बघितलं होतं, वाटेत खाली दोन लहान तळी आहेत. म्हणजे आणत असेल तिथून, बर्फ असेल तोवर बर्फ वितळवून.

उतरताना एका वळणावर वाट आडवी पडलेल्या झाडाने अडली होती आणि तिघं-चौघं व्हॉलंटियर ते कापत होते. विल्डरनेसमध्ये चेनसॉ चालत नाही, त्यामुळे हातात लांबलचक करवत, दोन टोकांना दोघं, एक ओढतो एक सोडतो. लाकूड चांगलं दोन फूट जाड. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला हाताने थांबायची खूण केली. आम्ही दगडावर टेकलो आणि वीस मिनिटं बघत बसलो.